फोकस पक्का करणारा माणूस : कावसजी नायगामवाला

२२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या, वार शनिवार. भर दुपारी कोकण किनाऱ्यावरून आत शिरलेली चंद्राची सावली सह्याद्री ओलांडून ईशान्येकडे निघाली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात रेल्वेच्या रुळाला लागून असलेले जेऊर तिच्या वाटेवर होते. वर्ध्याजवळचे पुलगावही होते. नकाशा पुढे घेऊन जेऊर ते पुलगाव अशी पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती आपल्या बीड जिल्ह्यातून, माजलगावच्या आसपासून जाते. तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होते. इकडच्या गावांत लोकांनी पाण्याच्या भांड्यांवर तुळशीपत्र ठेवले असेल आणि दोन मिनिटे पडलेला अंधार पुढे वर्षानुवर्षे सांगितला असेल. त्या अंधाराची शास्त्रीय नोंद बीडमध्ये कोणी केली असल्याचे ऐकिवात नाही. जेऊरला मात्र ती झाली, आणि करणाऱ्यांत एक पुण्याचा प्राध्यापक होता.

कावसजी दादाभाई नायगामवाला हे त्यांचे नाव. जन्म १८५७चा, मृत्यू १९३८चा. भारतात आधुनिक खगोलभौतिकी, म्हणजे ताऱ्यांचा प्रकाश फोडून ते कशाचे बनले आहेत हे शोधण्याचे शास्त्र, ज्यांनी पहिल्यांदा हाती घेतले त्यांत त्यांचे नाव अगदी वर येते. खगोलाच्या अभ्यासकांना ते चांगले ठाऊक आहे. आपल्या शाळांच्या भिंतींवरच्या शास्त्रज्ञांच्या तसबिरींत मात्र ते क्वचितच दिसते, ही खेदाची गोष्ट आहे.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८७८मध्ये ते एम.ए. झाले. विषय पदार्थविज्ञान आणि रसायन, सुवर्णपदकही मिळाले. त्याच कॉलेजात ते शिकवू लागले. १८८२मध्ये भावनगर संस्थानचे महाराज तख्तसिंहजी कॉलेज पाहायला आले आणि वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी पाच हजार रुपये देऊ केले. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. दहा हजार रुपये त्या काळी मोठी रक्कम होती. नायगामवाला १८८४मध्ये उपकरणे पाहायला इंग्लंडला गेले. तिथे राजज्योतिषी आणि नॉर्मन लॉकियर यांनी त्यांना सल्ला दिला, की नुसती प्रयोगशाळा कशाला, वर्णपटाचे काम करणारी वेधशाळाच उभी करा.

लॉकियर म्हणजे त्या काळातले बडे प्रस्थ. सूर्यप्रकाशातली एक पिवळी रेघ पृथ्वीवरच्या कोणत्याही ओळखीच्या मूलद्रव्याची नाही, हे सांगून हेलियमला नाव देणारे आणि 'नेचर' हे शास्त्रीय साप्ताहिक सुरू करणारे. आपल्याकडे एक गोष्ट फार सांगितली जाते, की लॉकियर यांनी १८६८च्या ग्रहणात विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून हेलियम शोधला. ती खरी नाही. १८६८मध्ये लॉकियर इंग्लंडमध्येच होते आणि ग्रहणाशिवायच त्यांनी सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गावर ते आले ते तीस वर्षांनी, याच १८९८च्या ग्रहणाला. किल्ल्यावरचे ओटे दाखवताना हे वर्षही सांगितले, तर किल्ल्याचा मान काही कमी होणार नाही.

मुंबईची दमट, धुरकट हवा आकाश पाहायला वाईट. म्हणून १८८५मध्ये नायगामवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. आजचे सीओईपी ते हेच. तिथे १८८८मध्ये वेधशाळा तयार झाली आणि तिला महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा असे नाव मिळाले. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात बनलेली परावर्ती दुर्बीण हे तिथले मुख्य यंत्र. तिला पुढे वीस इंच व्यासाचा आरसा बसला. तो इंग्लंडच्या कॉमन यांनी घासून घडवला होता. भारतात कित्येक दशके याहून मोठी दुर्बीण नव्हती.

हा आरसा आजच्यासारखा ॲल्युमिनियमचा लेप दिलेला नव्हता. ती पद्धत १९३०च्या दशकात आली. त्याआधी काचेवर चांदीचा पातळ थर चढवत. सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि साखर यांच्या द्रावणातून चांदी काचेवर बसवायची, आणि ती काळी पडली की पुसून पुन्हा चढवायची. चांदी किती लवकर काळवंडते, हे घरातली समई किंवा पैंजण वापरणाऱ्या कोणालाही सांगायला नको. त्यात पुण्याचा चार महिन्यांचा पावसाळा. वेधशाळा म्हटले की डोळ्यांपुढे रात्र आणि तारे येतात. दिवसाचे काम मात्र पुसणे, घासणे, तेलपाणी करणे, स्क्रू आवळणे आणि जुळवाजुळव करणे हेच असते.

या जुळवाजुळवीवर नायगामवाला यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग उभा आहे. तो थोडा सविस्तर पाहू.

मृग नक्षत्रातला तेजोमेघ हिवाळ्यात साध्या डोळ्यांनीही धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. त्याचा प्रकाश प्रिझममधून फोडला, की इंद्रधनुष्याचा सलग पट्टा न दिसता मोजक्या चमकदार रेघा दिसतात. त्यांतली सर्वांत ठळक रेघ हिरवी आहे. ती कशाची, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते. लॉकियर यांचा सिद्धान्त असा होता, की विश्वातल्या सगळ्या वस्तू उल्कांच्या थव्यांपासून बनल्या आहेत. उल्का एकमेकांवर आदळून तापतात आणि त्यांतले मॅग्नेशियम जळते. तेजोमेघातली हिरवी रेघ म्हणजे त्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कड, असे त्यांचे म्हणणे.

या म्हणण्याची परीक्षा सोपी होती, निदान कागदावर तरी. मॅग्नेशियमचा तो पट्टा एका बाजूने धारदार असतो आणि दुसऱ्या बाजूने हळूहळू विरत जातो, ब्रशने ओढलेल्या रंगासारखा. हिरवी रेघ जर त्याचा अवशेष असेल, तर ती एका बाजूने पुसट दिसायला हवी. तशी न दिसता दोन्ही बाजूंनी बारीक आणि धारदार दिसली, तर सिद्धान्ताचा हा आधार निखळला. इंग्लंडमध्ये हगिन्स आणि अमेरिकेत कीलर हे लॉकियर यांच्या विरोधात होते. वाद चांगलाच पेटला होता.

१८९१मध्ये पुण्याहून नायगामवाला यांनी आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. रेघ धारदार दिसते, पुसट कड दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच लाडक्या सिद्धान्ताच्या विरुद्ध तो जात होता.

आता जरा थांबून विचार करा. पुसट दिसणे आणि धारदार दिसणे हा फरक आकाशातला आहे की यंत्रातला, हे कसे ठरवणार? वर्णपटदर्शकात एक बारीक फट असते. वर्णपटातली प्रत्येक रेघ म्हणजे त्या फटीचे चित्र. फोकस केसभर चुकला, तरी धारदार रेघ पुसट दिसेल. शिवाय भिंगांचा एक जुना दोष आहे: निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या प्रकाशाचा फोकस एकाच जागी येत नाही. पिवळ्यावर जुळवलेले यंत्र हिरव्यावर थोडे चुकलेले असू शकते. म्हणून अशा कामात त्याच दृश्यात, शक्यतो जवळच्या रंगाची, खात्रीची रेघ बघायची असते. तेजोमेघात हायड्रोजनची एक निळसर रेघ त्या हिरव्या रेघेच्या शेजारीच असते. ती धारदार आहे आणि हिरवीही धारदार आहे, मग यंत्रावर शंका घ्यायला जागा उरत नाही. माझ्या मते नायगामवाला यांचे मोठेपण इथे आहे. प्रस्थापिताच्या विरुद्ध बोलण्याचे धाडस पुष्कळांकडे असते. आपल्या यंत्राचा फोकस बरोबर आहे, हे छातीठोकपणे सांगता येण्याइतकी मेहनत थोडेच घेतात.

ती रेघ खरोखर कशाची, हे १९२७मध्ये अमेरिकेत बोवेन यांनी उलगडले. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन अत्यंत विरळ अवस्थेत असताना ती रेघ देतो. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत इतकी विरळ अवस्था साधत नसल्यामुळे कोणाला ती ओळखता आली नव्हती. मॅग्नेशियमचा तिच्याशी काही संबंध नव्हता. हे कळले तेव्हा नायगामवाला सत्तरीचे होते. लॉकियर हयात नव्हते.

फोकस म्हणजे नेमकी किती बारीक गोष्ट आहे, याचा हिशेब घरच्या लहान दुर्बिणीवरही करता येतो. आरशाच्या व्यासाच्या आठपट फोकल लांबी असलेल्या दुर्बिणीत, नेत्रिका पुढेमागे सुमारे ०.१४ मिलिमीटरच्या पट्ट्यात असेल तरच प्रतिमा पूर्ण स्पष्ट मानता येते. म्हणजे साधारण दोन केसांची जाडी. आखूड, पाचपट लांबीच्या दुर्बिणीत हा पट्टा एका केसाहूनही बारीक होतो. आणि तो जागचा हलतोही. एक मीटर लांबीची पोलादी नळी दहा अंशांनी थंड झाली, की सुमारे ०.१२ मिलिमीटर आखडते. बीडमध्ये जानेवारीत दुपार आणि पहाट यांच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. संध्याकाळी सातला जुळवलेला फोकस रात्री अकराला बिघडलेला वाटला, तर दुर्बिणीला नावे ठेवू नका. नळी आखडली आहे.

हे सगळे ज्या भागाने साधायचे, तो फोकसर. घरच्या दुर्बिणीत सर्वांत आधी तोच कुरकुरतो. बहुतेक लहान दुर्बिणींत नेत्रिकेच्या सरकत्या नळीवर दातेरी पट्टी असते. दोन बाजूंच्या चकत्यांमधून जाणाऱ्या आसावर लहान दातेचाक असते, ते त्या पट्टीत बसते. चकती फिरवली की नळी आतबाहेर होते. कंपनीत या दातांना जाड काळपट ग्रीस भरतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते पातळ होऊन पसरते, नंतर धूळ खाऊन चिकट होते आणि थंडीत घट्ट बसते. मग चकती जड जाते, किंवा अडकत अडकत, उडी मारल्यासारखी सरकते.

दुरुस्ती अवघड नाही, पण घाई करायची नाही. आधी बघा, की नळी जागी धरून ठेवणारा लहान स्क्रू आवळलेला तर नाही ना. तो सैल करूनही चकती जडच असेल, तर नेत्रिका काढून ठेवा, नळी आडवी करा आणि दुर्बिणीचे तोंड झाका. फोकसर आरशाच्या वर असताना स्क्रू काढू नये. हातातून निसटला तर थेट आरशावर पडतो. खाली पांढरे कापड अंथरा, म्हणजे पडलेला स्क्रू दिसतो. आता दातेचाक धरून ठेवणारी लहान पट्टी शोधा. तिला दोन किंवा चार स्क्रू असतात. उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पट्टी काढली की आस चकत्यांसह निघतो आणि नळी बाहेर सरकवता येते.

जुने ग्रीस सुक्या कापडाने, मग दातांमधले जुन्या टूथब्रशने काढा. रॉकेलचा हलका बोळा फक्त धातूच्या भागांना चालतो. प्लॅस्टिकच्या भागांना साबणाचे कोमट पाणी पुरे. हे सारे दुर्बिणीपासून दूर, दुसऱ्या टेबलावर करा. सगळे पूर्ण वाळल्यावर नवे पांढरे ग्रीस लावायचे. सायकल किंवा पंख्याच्या दुकानात लिथियम ग्रीस मिळते. तीळभर पुरे. पुष्कळजण हाताशी आहे म्हणून खोबरेल लावतात. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते, म्हणजे ज्या थंडीच्या रात्री दुर्बीण काढायची नेमक्या त्याच रात्री फोकसर गोठणार. शिलाई मशीनचे तेल थिजत नाही, पण ओघळून आरशापर्यंत जाऊ शकते. दोन्ही नकोत.

जोडताना पट्टीचे स्क्रू एकदम आवळू नका. समोरासमोरचे स्क्रू पाव-पाव फेरा आळीपाळीने घट्ट करा आणि मध्ये मध्ये चकती फिरवून बघा. फार आवळले तर दाते घासतात. फार सैल ठेवले, तर चकती उलटी फिरवताना पहिला थोडा फेरा वाया जातो आणि नळी हलतच नाही. ही ढिलाई पूर्ण जात नाही, थोडी उरतेच. म्हणून फोकस नेहमी एकाच बाजूने येऊन साधावा. पुढे गेलात तर बरेच मागे या आणि पुन्हा त्याच बाजूने या. नळी आडवी डुगडुगत असेल, तर आतल्या बाजूला गुळगुळीत प्लॅस्टिकची पातळ पट्टी चिकटवून जागा भरता येते. डुगडुग गेली की नाही याची खूण सोपी आहे. एखादा तेजस्वी तारा दृश्याच्या मध्यावर घ्या आणि चकती आतबाहेर फिरवा. तारा पसरून चकतीसारखा होईल आणि पुन्हा आवळेल, पण मध्यावरून बाजूला उडी मारायला नको.

दातेच नसलेला फोकसरही असतो. इंग्लंडमधल्या क्रेफर्ड गावच्या हौशी मंडळातले जॉन वॉल यांनी सुमारे पन्नास वर्षांपूर्वी तो शोधून काढला. त्यात नळी चार बेअरिंगांवर टेकते आणि एक दांडा नुसत्या घर्षणाने तिला सरकवतो. वॉल यांनी त्याचे पेटंट घेतले नाही, म्हणून जगभर कोणीही तो बनवू शकला. अशा फोकसरला ग्रीस लावणे म्हणजे ब्रेकला तेल लावण्यासारखे आहे. तो घसरत असेल तर दांडा आणि नळीची सपाट बाजू स्पिरिटने पुसून दाबाचा स्क्रू किंचित आवळायचा.

फोकसर ठीक झाला, तरी एक भाग दुरुस्तीबाहेर राहतो, तो म्हणजे आपला डोळा. तरुण डोळ्यातले भिंग आपोआप आकार बदलते आणि चुकलेला फोकस काही प्रमाणात सांभाळून घेते. त्यामुळे मुलांना चित्र स्पष्ट दिसते, पण अर्ध्या तासात डोके दुखू लागते. चाळिशीनंतर ही लवचीकता कमी होत जाते. म्हणून नेत्रिका आधी थोडी जास्त बाहेर काढावी, आणि हळूहळू आत नेत जिथे चित्र पहिल्यांदा स्पष्ट होईल तिथेच थांबावे. तिथे डोळा विसावलेला असतो. नुसता जवळचा किंवा दूरचा नंबर असेल, तर चष्मा काढून फोकस आपल्यापुरता जुळवून घेता येतो. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल, तर चष्मा ठेवावा. फोकसर ती त्रुटी भरून काढत नाही. घरातला प्रत्येकजण पाहताना फोकस नव्याने लावणारच, त्यासाठीच चकती हलकी चालायला हवी. आणि दिवसा, गाळणीशिवाय, दुर्बीण सूर्याकडे एक क्षणही वळवायची नाही. डोळ्याचा पडदा जळताना दुखत नाही, त्यामुळे नुकसान झाल्यावरच कळते.

जेऊरला सूर्याकडेच पाहायचे होते. तयारीचे वर्षही सोपे नव्हते. मुंबईतला प्लेग १८९७च्या सुरुवातीला पुण्यात पोहोचला. घरांच्या तपासण्या, रिकामी होणारी शहरे, जूनमध्ये रँडवर झालेला हल्ला, या सगळ्यात नायगामवाला यंत्रे तयार करत होते. ग्रहणाच्या दिवशी जेऊरला ते एकटे नव्हते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल तिथे आले होते, जपानची तुकडीही होती. त्या पट्ट्यात दुसरीकडे, वऱ्हाडातल्या तळणीला, ब्रिटिश हौशी मंडळींबरोबर जॉन एव्हरशेड नावाचा तरुण बसला होता. हे नाव लक्षात ठेवा.

जेऊरला खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकणार होती. चंद्र सूर्याला पूर्ण झाकतो त्या क्षणी सूर्याच्या कडेवरचा पातळ थर दोन-चार सेकंद उघडा पडतो आणि एरवी काळ्या दिसणाऱ्या रेघा एकदम चमकून उठतात. तो चमकता वर्णपट छायाचित्रात पकडायचा होता. अशा कामाला त्या काळी भिंगापुढे प्रिझम लावलेला कॅमेरा वापरत. त्यात फटही नसते, सूर्याची उरलेली बारीक कोरच फटीचे काम करते. इथे फोकस लावायला दुसरी संधी नाही. ताऱ्यांवर आधीच्या रात्रींत तो लावून, खूण करून, आवळून ठेवावा लागतो. ग्रहणात हवा काही अंशांनी गार होते, त्याचाही विचार करावा लागतो. मग दोन मिनिटांत कोणी कोणती प्लेट कधी सरकवायची, याची तालीम. नायगामवाला यांना सूर्यकडेच्या वर्णपटाची आणि प्रभामंडलाची छायाचित्रे मिळाली. त्यांचा सविस्तर अहवाल १९०२मध्ये वेधशाळेच्या प्रकाशनमालेत छापला गेला.

१९००मध्ये त्यांना अध्यापनातून मोकळे करून पूर्णवेळ वेधशाळेचे काम दिले गेले. पण वारे तोपर्यंत फिरले होते. सरकारने सूर्याच्या अभ्यासासाठी नवी वेधशाळा तमिळनाडूतल्या कोडाईकॅनालच्या डोंगरावर उभारली होती. पुण्याची वेधशाळा एका माणसावर चालत होती. त्यांच्या हाताखाली पुढची पिढी तयार व्हावी, अशी व्यवस्था कोणी केली नाही. १९१२मध्ये नायगामवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद करण्यात आली. आज हे वाचताना राग येतो. चोवीस वर्षे चाललेली, देशातली सर्वांत मोठी दुर्बीण असलेली संस्था एका निवृत्तीबरोबर मिटवण्यात आली. मराठी मुलुखात मोठ्या दुर्बिणीवर खगोलभौतिकीचे काम त्यानंतर कित्येक दशके झाले नाही. विद्यापीठाच्या आवारात आयुका उभी राहायला १९८०च्या दशकाची अखेर उजाडली.

उपकरणे पेट्यांत भरून कोडाईकॅनालला गेली. तिथे संचालक होते एव्हरशेड; तळणीला बसलेले तेच. १८९८च्या त्या दुपारी दोघांनीही शेकडो मैलांच्या अंतरावरून एकाच सूर्याच्या कडेचा वर्णपट टिपला होता, आणि आता एकाचा आरसा दुसऱ्याच्या ताब्यात आला होता.

निवृत्तीनंतर नायगामवाला सव्वीस वर्षे जगले. वीस इंची दुर्बीण देणगीदाराच्या संस्थानावरून भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली जाऊ लागली. १९८०च्या दशकात हिमालयात नव्या वेधशाळेसाठी जागा शोधायची होती, तेव्हा ती लडाखला, लेहजवळ नेऊन तिथले आकाश किती स्वच्छ आहे हे तपासायला वापरली गेली. पुण्याच्या कॉलेजात बसवल्यापासून तोवर जवळजवळ शंभर वर्षे झाली होती.